ढब्बीचं वजन, वेष्टनासकट

मी काटा बोलतोय. पायात रुतणारा नव्हे, घड्याळात फिरणारा नव्हे. तोलायचा. दहा किलोपर्यंत काय वाटेल ते आणून ठेवा, मी आकडा सांगतो.

आधीच शपथ घेऊन ठेवतो, म्हणजे मागाहून कटकट नको. पुढे जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं बोलणं आमच्या कुळातच नाही. माणसांनी ‘काटेकोर’ हा शब्द आमच्यावरूनच बनवला. माझा जन्म झाला त्या दिवशी कारखान्याच्या साहेबानं सगळ्या कामगारांना अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली होती. म्हणजे, वीज गेली होती म्हणून दिली. आणि दिली ती दुसऱ्या दिवशी. पण सुट्टी दिली होती, एवढं तर खरं ना? बाकी सगळंही असंच खरं आहे.

अंग ओतीव लोखंडाचं, रंग हिरवा, पोटात जाडजूड स्प्रिंग, तोंडाला काचेमागची पांढरी तबकडी आणि तिच्यावर एक काळी सुई. डोक्यावर लोखंडी थाळी. उजव्या कुशीत एक छोटा स्क्रू. तो फिरवला की सुई शून्यावर येते. एवढाच माझा संसार. तपासनिसानं माझ्या डोक्यावर एक किलोचं माप ठेवलं, मी एक किलो दाखवलं. दोन ठेवलं, दोन दाखवलं. त्यानं मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. माणसाच्या पोराला एवढ्या लवकर कुणी पास करत नाही.

तिथून मी आलो टपाल कचेरीत. तिसरी खिडकी, पार्सल विभाग. तेहतीस वर्षं काढली मी तिथे. माणसं स्वतःचं वजन करताना पोट आत घेतात आणि पार्सलचं करताना श्वास, हे मला तिथे कळलं. काहीजण गप्पा मारता मारता हळूच एका बोटानं पार्सलचा कोपरा उचलून धरायचे. काय काय तोललं म्हणून सांगू! एका गृहस्थानं समुद्राचा आवाज पाठवला होता, एक किलो दोनशे. उघडून बघितलं असतं तर शंख निघाला असता, पण आम्ही उघडत नाही. एका बाईनं नवऱ्याची सगळी पत्रं एकगठ्ठा परत पाठवली, चार किलो सहाशे. पंधरा दिवसांनी तोच गठ्ठा उलट आला तो पाच किलो भरला. नवऱ्यानं मधे मधे उत्तरं घातली होती.

खिडकीमागे बसायचे ते पार्सलभाऊ. उंच, किडकिडीत, चष्मा कायम कपाळावर. सकाळी आल्या आल्या रिकाम्या थाळीवरून एकदा हात फिरवायचे, माझा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे करून सुई शून्यावर आणायचे, आणि मगच चहा. गिऱ्हाईक हुज्जत घालायचं, अहो, खोकंच जड आहे, आतला माल मूठभर आहे, आतलाच तोला की! भाऊंचं उत्तर ठरलेलं होतं. टपाल खात्याला आतलं काय नि बाहेरचं काय, सगळंच वाहून न्यायचंय. वेष्टनासकट. हा शब्द ते इतक्या वेळा म्हणाले असतील की त्याच्यापुढे स्वतःच्या नावाची उजळणी कमी झाली असेल. सुतळी, लाख, गोणपाट, पुठ्ठा, सगळ्यासकट जे भरेल ते वजन. हा शब्द ध्यानात ठेवा, पुढची सगळी भानगड ह्यानंच केली.

मग विजेवर चालणारं यंत्र आलं आणि मी जिन्याखाली गेलो. माझ्यावर फाटक्या पिशव्या पडल्या, पिशव्यांवर धूळ. दोन वर्षांनी भाऊ निवृत्त झाले. त्यांनी साहेबाकडे काय मागितलं, तर मला. दोन जिने चढून मला उचलून घरी आणलं तेव्हा त्यांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, दारातच विचारलं, ‘अरे, लोक निवृत्त झाल्यावर हार-नारळ घेऊन येतात. तू हा लोखंडी जावई कुठून आणलास?’

भाऊ म्हणाले, ‘कोपऱ्यात बसेल. खायला मागत नाही.’

घर अक्काचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, खाली रस्त्याला लागून वाणसामानाचं दुकान. दोघा भावंडांत मिळून एक मांजर. तिचं नाव ढब्बी, कारण लहानपणी ती होतीच तशी. मला स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी ठेवलं. आधी माझ्या डोक्यावर रद्दी आली, मग कांद्यांची परडी, आणि शेवटी सगळ्यांना हुसकून ढब्बी. सकाळचं ऊन नेमकं माझ्या थाळीवर पडतं. ती चारी पाय पोटाखाली घेऊन बसायची आणि माझी सुई पावणेपाचावर जाऊन झोपायची.

वर्षांमागून वर्षं गेली. पावणेपाचाचे साडेचार झाले, साडेचाराचे चार. मी रोज सकाळी सांगत होतो. पण काट्याचं बोलणं म्हणजे मुक्याचं बोलणं, बघेल त्यालाच ऐकू येतं. आणि माझ्या तोंडासमोर रद्दी रचलेली. साडेतीन झाले. तीन झाले. ढब्बी सतरा वर्षांची झाली होती आणि माझ्या थाळीला तिची हाडं लागायला लागली होती.

ऐकू आलं ते अक्काच्या हाताला. ती ढब्बीला विंचरत होती. एकदम थांबली आणि भाऊंना हाक मारून म्हणाली, ‘हिच्या पाठीवरून हात फिरव. फणीला फणी लागतेय रे.’

दुसऱ्या दिवशी दोघं तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. परत आल्यावर अक्का भाऊंकडून सगळं पुन्हा वदवून घेत होती, त्यावरून मला कळलं. रक्त तपासलं. मूत्रपिंडं थोडी थकलीत, पण ह्या वयात ती थकायचीच. दोन दाढा किडल्या होत्या, त्या काढल्या. त्यापलीकडे मोठं दुखणं काही नाही. म्हाताऱ्या मांजराच्या अंगावरचं मांस झडतं, खाल्लेलं अंगी लागत नाही, आणि नाक मंदावलं की खाण्यावरची वासनाच उडते. तेव्हा द्यायचं ते थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा. मऊ, ओलसर, आणि अंगाच्या उबेइतकं कोमट, म्हणजे वास सुटतो. डबाबंद खाद्यात वाटलं तर उकडलेली कोंबडी कुस्करून, मीठ-मसाला काही नाही. ताटली पसरट, मिश्या कडेला लागू नयेत म्हणून. पाणी जेवणापासून लांब. दूध अजिबात नाही, पोट बिघडतं. जबरदस्तीनं कोंबायचं नाही. दर सोमवारी वजन करायचं, आणि अडीच किलोच्या खाली गेलं, किंवा एक दिवसभर काही खाल्लं नाही, की थांबायचं नाही, फोन करायचा.

हे सगळं अक्कानं सांभाळलं असतं. पण त्याच आठवड्यात तिच्या कंबरेच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं. ते आधीच दोनदा पुढे ढकललेलं. ऑपरेशन आणि मग चालायला शिकवणारं आरोग्यधाम, असे मिळून सहा आठवडे. जायच्या आदल्या दुपारी, सोमवारीच, तिनं रद्दी उचलून माझं तोंड मोकळं केलं. भाऊंनी किती वर्षांनी माझा स्क्रू फिरवला! सुई शून्यावर आली आणि मला जुन्या खिडकीचा, लाखेचा वास आल्यासारखं वाटलं.

ढब्बीला थंड लोखंडावर ठेवली तर ती उतरून गेली. ऊन फिरलं होतं. अक्कानं उशीचा एक अभ्रा आणून थाळीवर घातला, तेव्हा बसली. सुई दोन किलो सातशे वीसवर थांबली. भाऊंनी कपाटातून पार्सलाचं जुनं लेबल काढलं, त्याच्यावर सुबक अक्षरात वजन लिहिलं आणि माझ्या काचेखाली चिकटवलं.

अक्का काठीवर रेलून उभी होती. म्हणाली, ‘हे बघ, मी काही मोठं मागत नाही. आत्ता जेवढी आहे तेवढी मला परत दे. वर तोळाभर नको, खाली तोळाभर नको.’

‘तेहतीस वर्षांत माझ्या खिडकीतून गेलेलं एक पार्सल वजनात कमी पोचलं नाही,’ भाऊ म्हणाले.

‘ती पार्सलं मरत नव्हती,’ अक्का म्हणाली. आणि लगेच उसनं हसून तिनं विषय बदलला, गॅसची चावी, दळण, पाण्याची वेळ.

पहिला आठवडा भाऊंनी जीव पाखडला. वाटी गरम पाण्यात ठेवून खाणं कोमट करायचं, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघायचं, पाच वेळा म्हणजे पाच वेळा. ढब्बी दोन घास खायची, भाऊंकडे बघायची, निघून जायची. भाऊ ताटली घेऊन तिच्यामागे खोलीभर. सोमवार आला. थंडी पडायला लागली होती, अभ्र्यावर ती बसेना. भाऊंनी जाडसर टॉवेल चौघडी करून घातला. ती बसली. मी सांगितलं, दोन किलो सातशे साठ.

भाऊंचा जीव भांड्यात पडला. चाळीस ग्रॅम वाढली! त्यांनी दुसरं लेबल लिहिलं, अक्काला फोन केला. पलीकडून तिचा आवाज मला ऐकू आला नाही, पण भाऊ चार वेळा ‘हो हो, माझ्या डोळ्यांनी बघितलं’ म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, टॉवेल अभ्र्यापेक्षा जड, एवढं शेंबड्या पोरालाही कळेल. कळेल. पण तेहतीस वर्षं वेष्टनासकट तोललेल्या माणसाला नाही कळत. भाऊंच्या लेखी टॉवेल हे ढब्बीचं वेष्टन होतं, आणि वेष्टनाचं वजन वेगळं विचारायची सोय त्यांच्या डोक्यात कधी केलेलीच नव्हती. थाळीवर आहे ते सगळं वजन. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे मांजर डोळे टक्क उघडे ठेवून बसलं होतं, आणि मिटले होते ते भाऊंनी.

आणि माणसाचं कसं असतं, काळजी जरा उतरली की हातही उतरतो. दुसऱ्या आठवड्यात पाचाच्या चार वेळा झाल्या. मग तीन. कोमट करणं कधी व्हायचं, कधी राहायचं. ताटलीत उरायचं ते भाऊ म्हणायचे, ‘पोट भरलं असेल, वजन तर वाढतंय.’ ढब्बी दिवसभर पलंगाखाली राहायला लागली. माझ्या थाळीवर ऊन येऊन जायचं, ती यायची नाही. माझा जीव टांगणीला लागला. सोमवारी तिला उचलून आणली तेव्हा थंडी आणखी वाढली होती, म्हणून भाऊंनी अक्काची लोकरीची शाल घडी घालून अंथरली. ढब्बी शालीत तोंड खुपसून बसली. इतकी हलकी बसली, की शालीची आणि तिची बेरीज मला पोटात वेगवेगळी कळत होती.

मी काय केलं ते ऐका. मी थरथरलो. स्प्रिंग आवळून धरली, सुई मागे खेचली, दोन किलो चारशेच्या रेघेवर तीन वेळा आपटली, तबकडीची काच खणखणली. तेहतीस वर्षांत मी असं कधी केलं नव्हतं. भाऊंनी चष्मा नाकावर घेतला, बोटानं काचेवर टिचकी मारली, आणि शेवटी जिथे सुई थांबली तो आकडा वाचला. दोन किलो आठशे पन्नास. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ‘शाब्बास’ म्हणाले. मला की ढब्बीला, कोण जाणे.

त्याच वेळी खालच्या दुकानवाल्या वहिनी आल्या. ढब्बीसाठी त्या अधूनमधून उकडलेली कोंबडी आणायच्या. त्यांचा सगळा जन्म काट्यासमोर गेलेला. तेल, तूप, डाळ, लोणच्याची बरणी. भाऊंनी मोठ्या तोऱ्यात लेबल दाखवलं. वहिनींनी लेबल वाचलं, मग ढब्बीकडे बघितलं, मग पुन्हा लेबलाकडे.

‘भाऊ, धडा केला होता का?’ त्यांनी विचारलं.

भाऊ जरासे दुखावले. म्हणाले, ‘धडे करायचं वय राहिलंय का वहिनी माझं? डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं तोंडपाठ आहे.’

‘तो धडा नाही हो, पुस्तकातला,’ वहिनी म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, हे मला तेव्हाच खटकलं. ‘आमच्याकडे तेलाला डबा आणतात ना गिऱ्हाईक. आधी रिकामा डबा तोलायचा. त्याचं वजन बाजूला टाकायचं, मग तेल. त्याला धडा करणं म्हणतात. नाहीतर डब्यालाही तेलाचा भाव लागेल.’

आणि त्यांनी वाकून ढब्बीला शालीतून अलगद उचललं. ढब्बी त्यांच्या कोपरात ओल्या रुमालासारखी लोंबली. थाळीवर शाल राहिली.

सुई शून्यावर आली नाही. चारशे पन्नासवर उभी राहिली.

भाऊंनी शाल काढली, टॉवेल ठेवला. अडीचशे. टॉवेल काढला, अभ्रा ठेवला. शंभर. त्यांनी तिन्ही लेबलं समोर घेतली आणि पेन्सिलनं प्रत्येकाखाली वजाबाकी केली. आकडे वाकडे आले, पण आले. दोन किलो सहाशे वीस. दोन किलो पाचशे दहा. दोन किलो चारशे.

वेष्टन वाढत होतं आणि आतलं मांजर कमी होत होतं. ते स्टुलावर बसले.

‘मी अक्काला सांगितलं, माझ्या डोळ्यांनी बघितलं,’ ते म्हणाले.

‘ते मग बघू. आधी फोन करा,’ वहिनी म्हणाल्या. ‘दुकान बंद करून येते मी. टोपली कुठाय?’

दुपार होती. घरात मी एकटा राहिलो. माझ्या थाळीवर शाल, अभ्रा, टॉवेल, सगळी वेष्टनं एकावर एक पडली होती आणि सुई आठशेवर. त्या तीन तासांत मला पहिल्यांदा कळलं, की खरं बोलणं आणि खरं सांगणं ह्यांत किती ग्रॅमचा फरक असतो. मी तिन्ही सोमवारी एक दाणाही खोटा दाखवला नव्हता. तरी त्या घरात सगळ्यात मोठं खोटं माझ्याच काचेखाली चिकटवलेलं होतं.

संध्याकाळ व्हायच्या आत दोघं परत आली. टोपलीत ढब्बी होती. जिवंत होती. डॉक्टरीणबाईंनी कातडीखाली पाणी दिलं होतं, मळमळ थांबायचं औषध दिलं होतं, भूक लागायची बारीक गोळी दिली होती. रागावल्या नव्हत्या, आणि त्याचंच भाऊंना जास्त लागलं होतं. एवढंच म्हणाल्या होत्या, काका, आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर मी काही बोलले नसते, पण करूही शकले नसते. आता रोज ती काय खाते ते मला ग्रॅममध्ये हवंय.

दुसऱ्या दिवसापासून भाऊंनी धडा धरला तो असा, की वहिनींनाही हेवा वाटावा. आधी रिकामी ताटली माझ्यावर ठेवायची, स्क्रू फिरवून सुई शून्यावर आणायची, मग खाणं. ढब्बीचं झालं की उरलेलं पुन्हा तोलायचं. पहिल्या सकाळी दहा ग्रॅम. दुपारी पुन्हा दहा. प्रत्येकाचं लेबल. माझ्या अंगावर लेबलांची इतकी दाटी झाली, की मीच कुठल्या तरी दूरगावी निघालेलं पार्सल वाटायला लागलो.

पण खाईना. भाऊ समोर बसून बघत राहायचे, भुवया वर, तोंड अर्धं उघडं, जणू स्वतःच घास घेणार आहेत. ढब्बी हुंगायची आणि तोंड फिरवायची. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या सकाळी वैतागून भाऊंनी तिच्याकडे पाठ केली आणि माझ्यासमोर पाटावर बसून वर्तमानपत्र उघडलं. माझी काच त्यांच्या तोंडासमोर होती. काचेत त्यांना दिसलं, मागे ढब्बी मान खाली घालून खातेय. भाऊंनी पान उलटलं नाही, खोकले नाहीत, एकच बातमी चौदा वेळा वाचली. त्या वेळी चाळीस ग्रॅम गेले. तिचं अन्नाशी वाकडं नव्हतं. तिला भाऊंची काळजी गिळवत नव्हती.

मग रोज तसंच. ते माझ्याकडे तोंड करून बसायचे आणि मी त्यांना मागचं सगळं दाखवायचो. त्या दिवसांत भाऊ माझ्याशी बोलायचे. अक्काला कसं सांगू, एवढंच बोलायचे, वेगवेगळ्या शब्दांत. कधी म्हणायचे, आल्यावरच सांगावं, तिला तिकडे कशाला घोर. कधी म्हणायचे, दोन किलो सातशेपर्यंत नेतो आणि मग काही सांगायलाच नको. पाचव्या दिवशी वर्तमानपत्र खाली ठेवून त्यांनी फोन लावला. सगळं सांगितलं. अभ्रा, टॉवेल, शाल, वेष्टनासकट. आपण चुकलो हे इतक्या वेळा म्हणाले, की शब्दाची धार गेली.

मग भाऊंनी कपाळावरचा चष्मा काढला आणि म्हणाले, ‘आज सकाळी? अठ्ठावीस ग्रॅम.’ मग पलीकडचं ऐकून, ‘हो. कोमट करूनच.’ तेवढंच. तिनं बाकी काही विचारलं नसावं.

पुढच्या सोमवारी दोन किलो चारशे तीस. त्याच्या पुढच्याला चारशे नव्वद. ह्या तीस-साठ ग्रॅमांसाठी एक म्हातारा माणूस दिवसातून पाच वेळा पाटावर बसत होता आणि उठताना गुडघ्यावर हात देत होता. एका दिवशी तिनं काहीच खाल्लं नाही, तेव्हा डॉक्टरीणबाईंना दोन फोन झाले आणि भाऊही जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दोघंही जेवली.

सहा आठवडे भरले आणि अक्का आली. पुढे आधाराची चार पायांची चौकट, मागे वहिनी, एकेका पायरीवर थांबत. बसायलाही तयार नव्हती, सरळ स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, ‘ठेव तिला.’

भाऊंनी अभ्रा अंथरला. स्क्रू फिरवला. सुई शून्यावर आली तसं त्यांनी अक्काकडे बघितलं, तिनं मान हलवली. मग ढब्बीला ठेवलं. मला आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी भीती वाटली. मी माझ्या बाजूनं काही कमी-जास्त करू शकलो असतो तर केलं असतं, खरं सांगतो. पण तपासनिसानं शिशाचा शिक्का मारलेला काटा आहे मी. दोन किलो पाचशे चाळीस.

‘ऐंशी ग्रॅम कमी आहे,’ भाऊ म्हणाले. ‘तू सोडून गेलीस तेव्हा दोन किलो सहाशे वीस होती. पाहिजे तर पुन्हा तोल.’

अक्कानं तोललं नाही. चौकटीचा एक हात सोडून तिनं ढब्बीच्या पाठीवर ठेवला आणि बराच वेळ ठेवून उभी राहिली. ‘ऐंशी ग्रॅम,’ ती म्हणाली. ‘मी सहा किलोनं उतरलेय तिकडे. ताट यायचं आणि तसंच जायचं. माझं नाही कुणी लेबल लिहिलं.’

ती हसत म्हणाली. पण भाऊंनी तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. मांजराकडे नाही, तिच्याकडे. मनगटावरची बांगडी कोपरापर्यंत वर सरकली होती. खांद्यावर आत हॅंगर असल्यासारखा कपडा उभा होता. सहा आठवड्यांत इतके फोन, आणि प्रत्येक फोनमध्ये विचारपूस कुणाची, तर ढब्बीची. दोघांनीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी दोन वाट्या गरम पाण्यात ठेवल्या. एकीत ढब्बीचं, एकीत अक्कासाठी मऊ भात आणि अंडं. थोडं थोडं, पाच वेळा.

‘मी काय मांजर आहे?’ अक्का म्हणाली.

भाऊ पाठ फिरवून माझ्यासमोर बसले, वर्तमानपत्र उघडलं. माझ्या काचेत मला दोघी दिसत होत्या. एक ताटलीवर वाकलेली, एक वाटीवर. चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला तेव्हा भाऊंनी पान उलटलं.

आता मी म्हातारा झालोय. हिरवा रंग पोपडे धरतोय, अंगभर लेबलं आहेत, त्यातली निम्मी ढब्बीची आणि निम्मी अक्काची. अक्काला माझ्यावर बसवता येत नाही, म्हणून भाऊ तिच्या वाटीचा धडा करतात. ढब्बी किती दिवस माझ्यावर येईल मला ठाऊक नाही. रोज सकाळी ऊन आलं, की ती येईपर्यंत माझी स्प्रिंग आवळलेली असते. विनंती एवढीच. घरात कुणी म्हातारं झालं, मग ते चार पायांचं असो की दोन, तर वरचं पांघरूण बाजूला करून बघत जा. आणि आमच्यासारख्यानं चांगला आकडा सांगितला, तर थाळी एकदा रिकामी करून खात्री करून घ्या.

निघण्याआधी एक कबुली देतो. त्या तिसऱ्या सोमवारी, शालीवर ढब्बी बसली तेव्हा मी थरथरलो, सुई आपटली, काच खणखणवली, असं मी सांगितलं ना? ते रचलेलं आहे. सुई सरळ गेली आणि दोन किलो आठशे पन्नासवर ऐटीत उभी राहिली. आत मला दोन वजनं वेगवेगळी कळत होती, ते खरं. पण भाऊंनी पाठीवर थाप मारली, आणि तेहतीस वर्षांत ती कुणी मारली नव्हती. मला बरं वाटलं. मी तसाच उभा राहिलो.